बुटेनचे बारा कोन

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कन्फॉर्मेशन (बंधाभोवती फिरल्याने रेणूला मिळणारे वेगवेगळे आकार) हा घटक मी कित्येक वर्षे फळ्यावर न्यूमन प्रोजेक्शन (बंधाच्या टोकाकडून पाहिलेल्या रेणूची आकृती) काढूनच शिकवला. बंध फिरवताना बदलणाऱ्या ऊर्जेची वक्ररेषा मुले परीक्षेत बिनचूक काढत, पण ती आली कोठून असे विचारले की वर्ग गप्प होई. म्हणून ‘ॲव्होगॅड्रो’ हे रेणूची रचना मांडून त्याची ऊर्जा काढणारे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून संगणक कक्षात बसवले आणि प्रत्येक गटाला एकच काम दिले : बुटेनचा मधला बंध ३० अंशांनी फिरवत १२ ठिकाणी ऊर्जा नोंदवायची.

पहिला तास फसला, आणि चूक माझीच होती. जवळजवळ प्रत्येक गटाच्या तक्त्यात दोनच आकडे आलटून पालटून आले, कारण ऊर्जा किमान करण्याची आज्ञा देण्यापूर्वी तो कोन बांधून ठेवायला सांगण्याचे मी विसरलो होतो. सातपुड्याच्या उतारावरचे पाणी जवळच्या नाल्याला मिळावे, तसा रेणू प्रत्येक वेळी घसरत ६० किंवा १८० अंशांच्या जवळपास जाऊन थांबत होता. खरे तर वक्ररेषेतली दरी, म्हणजे कमी ऊर्जेची जागा, काय असते, हे मुलांना त्या फसलेल्या तक्त्यानेच सर्वांत चांगले दाखवले.

पुढच्या तासाला कोन बांधल्यावर रेषा उमटली. मग पाठ्यपुस्तकातील ३.८ किलोज्यूल प्रतिमोल हा ॲन्टी (१८० अंशांची दरी) आणि गॉश (६० अंशांची दरी) यांमधील ऊर्जेचा फरक घेऊन, २९८ केल्विनला किती रेणू ॲन्टी असतील, हे ऊर्जेच्या फरकावरून रेणूंची वाटणी सांगणाऱ्या बोल्ट्झमनच्या सूत्राने स्प्रेडशीटमध्ये काढायला सांगितले. बहुतेकांचे उत्तर ८२ टक्के आले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी अहिराणीत म्हणाली, “सर, गॉश तं दोन शेतस ना?” तिचे बरोबर होते, डावा-उजवा असे दोन्ही गॉश धरल्यावर उत्तर सुमारे ७० टक्क्यांवर आले.

आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांना, काय होईल असे एकाने विचारले. उत्तर ६८ टक्के आले, तेव्हा तो हिरमुसला आणि त्याने सरळ १००० केल्विन भरले. एवढ्या तापमानाला बुटेन तुटू लागते, हे मी सांगितलेच. पण पडद्यावर ४४ टक्के पाहून तो थांबायला तयार नव्हता. तापमान वाढवत नेले तरी आकडा ३३च्या खाली का उतरत नाही, याचे उत्तर त्याने तास संपल्यावर तीन दऱ्या मोजून स्वतःच दिले.