थकबाकीचा रकाना

सोसायटीच्या वेबसाइटवर मेंटेनन्सचा तक्ता टाकलेला आहे: फ्लॅट नंबर, नाव, भरलेली रक्कम, थकबाकी, शेरा. परवाच्या मीटिंगमध्ये दोघांनी आवाज चढवला आणि ठरलं, थकबाकी दिसता कामा नये. काम आलं माझ्याकडे. ‘दोन मिनिटांचं तर आहे,’ इति सेक्रेटरी काका.

आहेही. पण तक्त्यातली माहिती मांडलेली असते ती आडव्या ओळींत, आणि ओळीत टीडी नावाचे चौकोन. उभा रकाना फक्त आपल्या डोळ्यांना दिसतो. म्हणून प्रत्येक ओळीतला चौथा चौकोन हुडकावा लागतो. वेबपेजचं रूप ठरवणारी भाषा म्हणजे सीएसएस. तिचं ‘कितवा’ ते सांगणारं ‘एनटीएच-चाइल्ड’ आपल्यासारखं एकपासून मोजतं. वेबपेजला कामं सांगणारी भाषा, जावास्क्रिप्ट, शून्यापासून, म्हणजे तिथे चौथा तो तीन. त्यात एखाद्या ओळीत थकबाकीच्या आधीचे दोन चौकोन जोडून ‘फ्लॅट बंद’ लिहिलेलं असलं, की त्या ओळीत थकबाकी जागेवर आणि शेराच गायब!

खरी गंमत झाकण्याच्या तऱ्हांत आहे. सीएसएसमध्ये ‘डिस्प्ले नन’ म्हटलं की चौकोन पंगतीतून पानासकट उठतो आणि पुढचे सगळे डावीकडे सरकतात. मथळा तसाच राहिला, तर ‘थकबाकी’खाली शेरा येऊन बसतो. आमच्याकडे एका घरापुढे थकबाकी ‘कुत्रा पाळला आहे’ अशी दिसली असती. ‘व्हिजिबिलिटी हिडन’मध्ये मजकूर जातो, पान मांडलेलंच राहतं. मग त्या कोऱ्या पट्ट्याकडे बघून लोक आकड्यांपेक्षा जास्त तर्क लढवतात. काही हुशार मंडळी पांढऱ्यावर पांढरी अक्षरं करतात. माउस दाबून नुसता ओढा, निळ्या पट्ट्यात साऱ्या बिल्डिंगची उधारी उजळून निघते.

आणि यातलं काहीच गुप्त नाही बरं का. कंट्रोल धरून यू दाबलं की वेबपेजचा मूळ मजकूर उघडतो. त्यात झाकलेले आकडे जसेच्या तसे. लपवायचंच असेल तर सर्व्हरने ते धाडूच नयेत, लॉगिन केल्यावर ज्याची ओळ त्यालाच द्यावी.

काकांना हे समजावलं. ते म्हणाले, ‘अरे, कंट्रोल-यू दाबणारे आहेत कोण आपल्याकडे?’

बी विंगमध्ये कॉलेजात जाणारी पोरं किती, ते मी मनातल्या मनात मोजायला लागलो.