सिंगापूरला कंपनी काढताय? डायरेक्टर नीट बघून घ्या

सिंगापूरला एका दिवसात कंपनी होते असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, कागद व्यवस्थित असतील तर अक्राकडून (तिथलं कंपन्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) ईमेल येतो, त्यात दहा अक्षरी यूईएन म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, पहिले चार आकडे त्या वर्षाचे, झाली तुमची प्रायव्हेट लिमिटेड. सरकारी फी नाव मंजूर करून घ्यायचे 15 आणि नोंदणीचे 300 सिंगापूर डॉलर, भांडवल 1 डॉलर असलं तरी चालतं, आणि सगळेच्या सगळे शेअर्स परदेशी माणसाच्या नावावर ठेवता येतात. फक्त आपल्याकडे सिंगपास, म्हणजे तिथलं सरकारी डिजिटल ओळखपत्र, नसतं, त्यामुळे तिथली रजिस्टर्ड एजन्सी धरावीच लागते.

घोडं अडतं ते डायरेक्टरपाशी. किमान एक डायरेक्टर तिथे राहणारा हवा, कायदाच आहे तसा. पुण्यात बसून धंदा करणाऱ्याला असा माणूस कुठून मिळणार, मग एजन्सी वार्षिक फी घेऊन नॉमिनी, म्हणजे नावापुरता स्थानिक डायरेक्टर देते आणि बरेच जण सगळ्यात स्वस्त पॅकेज बघून सही करून मोकळे होतात. असं करू नका, अगदी कळकळीने सांगतेय. जो माणूस कायद्याने तुमच्या कंपनीला जबाबदार राहणार त्याच्याशी निदान एक व्हिडिओ कॉल तरी करा ना! मी तो हट्ट धरला, करार ओळ न ओळ वाचला, बँक खात्यावर त्याची सही चालणार नाही हे लिहून घेतलं. दुसरा स्थानिक डायरेक्टर आल्याशिवाय त्याला राजीनामा देता येत नाही, म्हणून एजन्सी बदलायची झाली तर काय, हेही आधीच ठरवून घेतलं. तो तुम्हाला धंद्याबद्दल खोदून खोदून विचारत असेल तर चांगलंच समजा.

आणि भारतातून पैसे पाठवायच्या आधी इथलं काम उरका. शेअर्सचे पैसे एलआरएसच्या (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरच्या मर्यादेत जातात, पण ही ओडीआय, म्हणजे परदेशी कंपनीतली थेट गुंतवणूक असते, त्यामुळे 2022 च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा यूआयएन, म्हणजे या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, आधी घ्यावा लागतो. घराजवळच्या शाखेत विचारत बसू नका, फॉरेक्स बघणारी शाखा गाठा आणि सीए फेमाची (परकीय चलन कायदा) कामं करणाराच घ्या. पुढे दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे त्या कंपनीचा वार्षिक अहवाल, शिवाय इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्युल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचा, कंपनी 1 डॉलरची असली तरी.

कंपनी सेक्रेटरी 6 महिन्यांत नेमायचा असतो, ते एजन्सी बघते. बँक खात्याला मात्र वेळ लागू शकतो, ग्राहकांची कॉन्ट्रॅक्टं आणि इन्व्हॉइस आधीपासून एका फोल्डरमध्ये लावून ठेवा.