कोपान रुइनास: किमान दोन रात्री तरी राहा

ग्वाटेमालातल्या अँटिग्वामध्ये 'एका दिवसात कोपान' अशा सहली विकायला असतात. पहाटे चारला गाडीत बसायचं, जाऊन-येऊन बारा तास रस्त्यावर घालवायचे आणि मधल्या दोन-तीन तासांत माया संस्कृतीचं सगळ्यात सुंदर शिल्पकाम पळतपळत बघायचं. ही सहल घेऊ नका. तेवढाच वेळ असेल तर अँटिग्वातच आरामात कॉफी प्या.

कोपान रुइनास हे गाव होंडुरासच्या पश्चिम टोकाला, ग्वाटेमालाच्या सीमेपासून साधारण १२ किलोमीटरवर आहे. लाल कौलांची घरं, दगडगोट्यांचे उभ्या चढाचे रस्ते, मधोमध चौक आणि चर्च. होंडुरासबद्दल ऐकून घरच्यांनी काळजी करणं साहजिक आहे, पण हे गाव निवांत आहे. संध्याकाळी चौकात लहान मुलं, म्हातारीकोतारी सगळी बसलेली असतात. अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या रस्त्यावर मात्र चालत फिरू नये. गावात फिरायला तीनचाकी मोटोटॅक्सी मिळतात आणि त्यातल्या बहुतेक बजाजच्या निघतात. आकुर्डी-वाळूजची माणसं असाल तर फोटो काढल्याशिवाय राहवणार नाही. बसण्याआधी भाडं ठरवा आणि सुट्टे लेम्पिरा (होंडुरासचं चलन) जवळ ठेवा.

सीमा ओलांडायची ती एल फ्लोरिदो नाक्यावर. पैसे बदलून देणारे तिथे गाडीभोवती गोळा होतात. त्यांच्याकडून मोटोटॅक्सी आणि जेवणापुरतेच लेम्पिरा घ्यावेत, बाकीचे गावातल्या एटीएममधून. भारतीय पासपोर्ट असेल तर दोन्ही देशांचे व्हिसाचे नियम वेगवेगळे तपासावे लागतात. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की बरंच सोपं होतं, तरी सध्याचा नियम काय आहे हे वकिलातीकडून लेखी मागवून घ्या. आणखी एक: ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा यांचा आपसात करार आहे, त्यामुळे ९० दिवसांची मुदत चौघांत मिळून मोजली जाते. होंडुरासला जाऊन आल्याने ती नव्याने सुरू होत नाही.

आता कोपान या प्राचीन माया शहराचे अवशेष. गावापासून एक किलोमीटरभर, रस्त्याकडेच्या पायवाटेने चालतच जावं. प्रवेशद्वारापाशी लाल-पिवळे-निळे मकाव पोपट मोकळे दिसतात. हा होंडुरासचा राष्ट्रीय पक्षी. या खोऱ्यातून जवळजवळ नाहीसा झाला होता, २०११ पासून पाळीव अवस्थेतले पक्षी इथे पुन्हा सोडायला सुरुवात झाली.

माझा सल्ला थोडा उलटा आहे: आधी शिल्पसंग्रहालय, मग अवशेष. बरेच लोक संग्रहालय शेवटी ठेवतात, तोवर ऊन आणि पाय दोन्ही नकोसे झालेले असतात. पण वेदी 'क्यू'सह बरीच महत्त्वाची मूळ शिल्पं संग्रहालयात आहेत, बाहेर त्यांच्या जागी प्रतिकृती. सापाच्या जबड्यातून वळणावळणाच्या बोगद्याने आत शिरलं की समोर भडक लाल रंगातलं रोसालिला मंदिर उभं राहतं, पूर्ण आकाराची प्रतिकृती. मूळ मंदिर ६व्या शतकातलं. एकावर एक मंदिरं बांधायची इथे रीत होती, पण हे मंदिर न मोडता जपून गाडलं गेलं, म्हणून १९८९ मध्ये ते टेकाडाच्या पोटात जवळजवळ अखंड सापडलं. ते बघायचे बोगदे आहेत, त्यांचं वेगळं तिकीट बरंच महाग आहे, आणि आत काचेतून भिंतीचे तुकडेच दिसतात. संग्रहालय नीट पाहिलं असेल तर बोगदे सोडले तरी चालतील.

वेदी 'क्यू'पाशी मात्र वेळ काढा. चौकोनी दगड, चार बाजू, प्रत्येक बाजूवर चार राजे. घराण्याचा संस्थापक याश कुक मो ४२६ मध्ये सत्तेवर आला. तो इथे सोळाव्या राजाच्या, याश पसाहच्या, हाती राजदंड देताना दाखवला आहे. दोघांत साडेतीनशे वर्षांचं अंतर! ही वेदी ७७६ ची, म्हणजे वेरूळचं कैलास कोरलं गेलं त्याच शतकातली. जवळच पंधरा जग्वारांचे अवशेष पुरलेले सापडले, प्रत्येक पूर्वज राजासाठी एक.

बाहेर मोठ्या चौकातले राजांचे उभे दगड बघताना एक गोष्ट लक्षात येते. ग्वाटेमालातल्या तिकालसारख्या माया शहरांत चुनखडीवर उथळ कोरीवकाम आहे. इथला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ, त्यामुळे मूर्ती जवळजवळ पूर्ण गोलाईत बाहेर आल्या आहेत. यातले बरेच दगड तेराव्या राजाने उभारले. ७३८ मध्ये किरिग्वा या मांडलिक राज्याने त्याला पकडून त्याचं मुंडकं उडवलं.

चित्रलिपीचा जिना ताडपत्रीखाली आहे. दोन हजारांवर चिन्हं, माया लिपीतला सर्वांत लांब शिलालेख. पण वरचा बहुतेक जिना कोसळला होता आणि १९३०च्या दशकात तो परत रचला तेव्हा लिपी वाचता येत नव्हती. त्यामुळे मजकुराचा क्रम विस्कटलेला आहे. हे सगळं पाटीवर वाचून कळत नाही, म्हणून दारातल्या वाटाड्यांपैकी एक जरूर घ्या. दर गटाचा असतो, आणखी कोणाशी जोडी जमवली की स्वस्त पडतं. सकाळी आठला उघडतं, तेव्हाच पोचा. तिथून दोनेक किलोमीटरवरचा लास सेपुल्तुरास हा राहत्या घरांचा भाग त्याच तिकिटात आहे आणि तिथे गर्दी नसते.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाता येतं. रस्ता खडबडीत, तासभर तरी लागतो. पाऊस असेल तर गावातच कॉफीच्या मळ्याची फेरी बरी.

खाण्यात बालेआदा: मैद्याच्या जाड पोळीत कुस्करलेला राजमा, आंबट साय आणि खारट चीज. शाकाहारी लोकांना हा आधार वाटतो, पण राजमा आणि पोळी दोन्हींत डुकराची चरबी असू शकते. 'सिन कार्ने' (मांस नको) एवढ्याने भागत नाही, कोंबडी येऊ शकते. 'सिन कार्ने, सिन पोयो (कोंबडी नको), सिन मान्तेका (चरबी नको)' असं तिन्ही म्हणा, आणि मान्तेकाचं उत्तर नीट ऐका.

परतताना अँटिग्वाचीच शटल धरायची गरज नाही. सीमेवरून मिनीबसने चिकिमुला, तिथून बस बदलून किरिग्वा. ज्यांनी कोपानचा राजा मारला त्यांचं हे गाव केळीच्या बागांत आहे, आणि तिथला एक उभा दगड साडेदहा मीटरचा आहे, कोपानच्या कुठल्याही दगडाहून उंच. डासांचं मलम तेवढं बरोबर असू द्या.