क्रोशाचा ससा आणि परवान्याचा रकाना

बाळाची टोपडी, मोजे, कुंच्या, दुपटी विणून ऑनलाइन विकायला मला काहीच अडचण आली नाही. पॅन होतं, बँकेत खातं होतं, जीएसटीच्या पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक मिळाला आणि दुकान सुरू झालं. अडला तो ससा. वीतभर उंचीचा, लांब कानांचा, सुती धाग्याचा ससा. त्याच्यापायी जे सोसावं लागलं ते सविस्तर लिहितेय, कारण विणकाम करणाऱ्या बायका मला सारखा हाच प्रश्न विचारतात आणि त्यांना इकडून तिकडून मिळालेली उत्तरं बहुतेक वेळा चुकीची असतात.

आधी जीएसटीचं सांगून टाकते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला आहे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल आपल्याच राज्यात विकणार असाल, तर ऑनलाइन बाजारात विकायला जीएसटीची पूर्ण नोंदणी लागत नाही. पॅनवर एक नावनोंदणी क्रमांक काढायचा आणि तो ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीला द्यायचा. म्हणजे या दुकानातून माझा माल महाराष्ट्राबाहेर जात नाही. बेळगाव-इंदूरकडच्या मागण्या नाकाराव्या लागतात, त्याचं वाईट वाटतं, पण सध्या एवढाच पसारा मला झेपतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तीसुद्धा करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर आधारवरून फुकट होते. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

वस्तू नोंदवताना एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, मागतात. तिथे सगळंच ‘लहान मुलांचे कपडे’ यात टाकू नका. विणलेले मोजे, झबली ६१११ मध्ये येतात. टोपडं मात्र बाळाचं असलं तरी ६५०५ मध्ये, कारण विणलेल्या टोप्यांचं प्रकरणच वेगळं आहे. खेळणी ९५०३ मध्ये. आणि हा ९५०३ लिहिला की पुढचं सगळं सुरू होतं.

ससा मी बाळंतविड्यासाठी बसवला होता. आमच्याकडे बाळंतविड्यात कुंची-टोपडं-दुपटं ठरलेलं असतं. त्याच रंगसंगतीत एक खेळणं द्यावं, असं मनात होतं. मॅजिक रिंगमध्ये (सुरुवातीच्या, ओढून घट्ट करता येणाऱ्या फासात) सहा मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके), पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे बारा, मग अठरा, मग चोवीस, असं डोकं वाढत जातं. सुई २.५ मिमीची, धागा चार पदरी सुती. या धाग्याला खरं तर ३ ची सुईही चालते, पण मग टाक्यांमधून आत भरलेला फायबर दिसतो, आणि जो दिसतो तो बाळाच्या बोटांना ओढताही येतो. म्हणून मी मुद्दाम बारीक सुईने, हात घट्ट ठेवून विणते. डोळे प्लॅस्टिकचे लावत नाही. बाजारात त्यांना ‘सेफ्टी आय’ म्हणतात, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायच्या वस्तूवर ते मला नकोच. काळ्या दोऱ्याने भरतकाम करून डोळे काढते आणि दोऱ्याची टोकं डोक्याच्या आत तीन दिशांना फिरवून कापते. कान शिवल्यावर कानाला धरून सगळा ससा झटकून बघते. असा ससा सुबक होण्यासाठी किती आकार उसवले असतील! हनुवटीपाशी टाके कुठे कमी करायचे, यावरच मान टिकते की डोकं कलंडतं ते ठरतं.

तर हा ससा मी नोंदवायला घेतला. फोटो, वजन, उंची, उत्पादकाचं नाव-पत्ता, किंमत, बनवल्याचा महिना, सगळं भरलं. खाली एक लाल चांदणीचा रकाना आला: ‘बीआयएस परवाना क्रमांक’, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याचा क्रमांक. तो भरल्याशिवाय पुढे जाताच येईना. मदत केंद्राला लिहिलं की मी घरी हाताने विणते, माझा कारखाना नाही. उत्तर आलं, ‘कृपया वैध प्रमाणपत्र अपलोड करा.’ उद्यम प्रमाणपत्र जोडलं. पुन्हा तेच वाक्य. सशाचे विणतानाचे फोटो पाठवले. तेच वाक्य, खाली फक्त वेगळं नाव. एकाने तर ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’ असं लिहून तक्रार बंद करून टाकली. मी नवीन तक्रार टाकली की पहिल्यापासून सगळं परत सांगायचं. त्या दिवसांत सशाच्या तीन-चार मागण्या ओळखीतून आल्या होत्या. मी ‘थोडं थांबा’ म्हणत राहिले आणि बारशी होऊन गेली. बारसं काही आपल्या परवान्यासाठी थांबत नाही. बाराव्या दिवशी पाळण्यात ठेवायची वस्तू महिन्याने देऊन काय उपयोग?

मला राग नियमाचा आला नव्हता, हे स्पष्ट सांगते. नियम योग्य आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली कुठलीही वस्तू त्यात येते, आणि तिच्यावर भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याची आयएसआय खूण लागते. तोंडात घातला तर अडकेल असा भाग सुटतो का, कडा बोचतात का, रंगात शिसं वगैरे आहे का, हे सगळं आयएस ९८७३ या मानकात येतं. बाळ वस्तू हातात आली की तोंडात घालतं, हे आपल्याला काय कुणी सांगायला हवं? राग याचा होता, की त्याच आदेशात माझ्यासारखीसाठी ठेवलेली वाट विचारणारीला सांगायला कुणी तयार नव्हतं. परवान्याचा मार्ग कारखान्यांसाठी आखलेला आहे: अर्ज, तपासणी, प्रयोगशाळेत नमुने, दर वर्षीचं शुल्क. महिन्याला आठ-दहा ससे विणणाऱ्या बाईने तो कसा झेपवायचा?

या काळात सगळ्यांत जास्त मिळालेला सल्ला म्हणजे ‘शोपीस म्हणून लावून टाक’. माझी एक विणकामातली मैत्रीण तेच करते. ती म्हणाली, “अगं, सजावटीची वस्तू म्हणून टाक, कोण बघायला येतंय!” मी नाही टाकलं. फोटोत पाळणा दाखवायचा, नावात ‘बाळासाठी’ लिहायचं आणि वर्गवारीत शोपीस म्हणायचं, हे मला पटत नाही. घेणारी आई तो बाळाजवळच ठेवणार आहे. उद्या काही झालं तर कागदावर मी लिहिलेलं असेल की ही वस्तू खेळायची नव्हतीच. शिवाय अशी नोंद पकडली गेली तर दुकानच बंद होतं, टोपडी-मोज्यांसकट. तेव्हा कुणीही कितीही सहज सांगितलं तरी हा रस्ता धरू नका.

वाट सापडली ती मूळ आदेश वाचल्यावर. डिसेंबर २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक ठिकाणच्या खास वस्तूची सरकारी नोंद) मिळालेल्या खेळण्यांनाही सूट आहे, पण तो लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कर्नाटकातल्या चन्नपट्टणसारख्या ठिकाणच्या कारागिरांचा विषय, आपला नाही. आपल्याला हवं ते कारागीर ओळखपत्र, ज्याला ‘पहचान’ कार्ड म्हणतात. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, फोटो, बँकेचा तपशील, अर्जात आपली कला निवडायची आणि बोलावतील तेव्हा काम करून दाखवायचं. मी टेबलाशी बसून सशाचा कान विणून दाखवला. कार्ड हातात आलं तेव्हा मला फार अभिमान वाटला. इतकी वर्षं घरात ‘हिचा वेळ जातो’ म्हणून ज्याकडे बघितलं गेलं, त्याच कामासाठी सरकारने मला कारागीर म्हटलं होतं.

पण रकाना तसाच होता! त्यात फक्त परवान्याचाच क्रमांक बसतो, सीएम/एल ने सुरू होणारा. कार्डाचा क्रमांक टाकला की ‘अवैध’ असं लाल अक्षरांत येई. सूट असलेल्यांसाठी दुसरा पर्यायच नव्हता. मदत केंद्राला कार्ड पाठवलं तर पुन्हा ‘वैध प्रमाणपत्र अपलोड करा’. खरं सांगते, तेव्हा रडू आलं.

शेवटी मी मदत केंद्र सोडून दिलं. ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. ते नियम ग्राहकांच्या तक्रारींसाठी आहेत, विक्रेत्यांसाठी नाहीत, तरी मी त्याच पत्त्यावर लिहिलं, कारण तिथे पत्र वाचणारा माणूस असण्याची शक्यता जास्त. सगळं एकाच पीडीएफमध्ये घातलं: दुरुस्ती आदेशाची प्रत, त्यातल्या सुटीच्या ओळीखाली रेघ, कार्डाच्या दोन्ही बाजू, आणि मी सही केलेलं अर्ध्या पानाचं निवेदन की ही खेळणी मी स्वतः बनवते आणि मीच विकते. वर एकच मागणी लिहिली: ‘परवाना क्रमांकाच्या रकान्यातून मला सूट द्या किंवा सूट नाकारत असल्यास कारण लेखी कळवा.’ हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. ते लिहिलं की साचेबंद उत्तर देता येत नाही.

काही दिवसांनी फोन आला. पलीकडे मराठी बोलणारी मुलगी होती. “मॅडम, तुम्ही स्वतःच बनवता ना? बाहेरून आणून विकत नाही?” मी म्हटलं, “अहो, आत्ताही हातात सुईच आहे.” तिने कार्डावरचं नाव आणि दुकानाचं नाव जुळवून घेतलं, आणि त्यांच्या बाजूने तो रकाना माझ्यासाठी मोकळा करून दिला. एवढंच काम होतं.

यावरून एक आठवलं. कार्डावरचं नाव, पॅनवरचं नाव आणि दुकानाचं खातं यांत फरक ठेवू नका. लग्नाआधीचं-नंतरचं नाव असेल तर आधीच सारखं करून घ्या. आणि सूट ‘बनवलेल्या आणि विकलेल्या’ खेळण्यांना आहे, म्हणून मी माझे ससे दुसऱ्या दुकानांत विकायला ठेवत नाही. टोपडी-मोजे ठेवते. कार्डावरची मुदतही बघून ठेवा.

सूट मिळाली म्हणजे तपासणीतून सुटलो असं मी धरत नाही. उलट आता ती जबाबदारी पूर्ण माझी. गडद रंगाचा धागा विणण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघते. रंग लागला तर तो धागा मोठ्यांच्या पिशव्यांसाठी. मी पुण्यात रविवार पेठेतून, बोहरी आळीच्या बाजूने धागा आणते. एका मागणीसाठी लागणारा सगळा धागा एकाच लॉटचा घ्या, लेबलवरचा क्रमांक जुळवून. नाहीतर कुंची आणि टोपडं वेगळ्या गुलाबीत होतं. मोज्यांच्या आतून धागा मोकळा राहू देऊ नका. बाळाच्या पायाच्या बोटाला तो गुंडाळला जातो आणि बाळ का रडतंय ते आईला कळत नाही. टोपड्याला नाड्या हव्याच असा आजीचा आग्रह असतो. मी त्या लावत नाही, त्याऐवजी कडेला लवचीक वीण घालते आणि पाकिटात चिठ्ठी टाकते की झोपवताना टोपडं काढावं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३६ सेंमी, तीन महिन्यांचा ४० च्या आसपास. टोपडं त्याहून दोन सेंमी कमी विणायचं, ते ताणलं जातं. ‘नवजात’ मापाचं मागणाऱ्या ताईंना मी एक माप मोठंच सुचवते, कारण पहिले तीन महिने डोकं भराभर वाढतं.

आता मी हत्ती बसवतेय. रकान्याची सूट खात्याला मिळालेली नाही, त्या एका वस्तूला मिळाली आहे, त्यामुळे प्रत्येक नव्या खेळण्यासाठी तेच पीडीएफ पुन्हा पाठवावं लागतं. निवेदनातलं वस्तूचं नाव बदलायला विसरू नका, आणि फोटोत विणायची सुई व अर्धवट वस्तू दिसेल असा एक तरी ठेवा. मागच्या वेळी त्या मुलीने तोच फोटो मागून घेतला होता.