माझ्याशी सहमत असलेली मंडळी

गुरुवार, रात्री

मंगळवारच्या अंकात माझे पत्र छापून आले आणि तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. पत्र छापून येणे ही काही माझ्या दृष्टीने अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. कोथरूडमध्ये राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन उत्तम पार पडलेल्या बाईने वर्तमानपत्राला पत्रे लिहावीत, यात नवल ते काय? विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींपासून मराठी शाळांच्या घटत्या पटापर्यंत मी लिहीत आले आहे, आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी नाक मुरडले आहे. हेल्मेटसक्तीच्या बाजूने लिहिले तेव्हा तर धाकट्या दिरांनी दिवाळीपर्यंत अबोला धरला होता. त्याचे कधी काही वाटले नाही. या वेळी मात्र कोणीच नाक मुरडलेले नाही. पत्र सर्वांना पटले आहे, आणि तेच मला सोसवेनासे झाले आहे.

पत्र पदपथांविषयी होते. आत्यांना वॉकर आल्यापासून हा विषय आमच्या घरात रोज सकाळी निघतो. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की वस्तीच्या भागातही पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची सलग, मोकळी वाट असावी. समोरासमोरून आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी ती रुंदी असते. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो, त्या दिवशी भर रस्त्यात मुले खेळतात, छायाचित्रे निघतात. आणि वर्षाच्या उरलेल्या ३६४ दिवसांत आत्यांना आमच्या फाटकापासून चौकापर्यंत जाताना वॉकर उचलून पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागते. हे सगळे मी पत्राच्या वरच्या भागात लिहिले होते. त्यात ओघात एक वाक्य असेही होते की भाजीच्या पाट्या, चहाच्या गाड्या आणि कपड्यांचे स्टँड यांमुळे चालायला वाट उरत नाही.

वाक्य खरे होते आणि आजही मला ते मागे घ्यावेसे वाटत नाही.

परंतु त्याच्या खाली आणखी दोन परिच्छेद होते. पहिल्यात मी लिहिले होते की पाट्या आणि गाड्या संध्याकाळी येतात आणि रात्री जातात, तेव्हा चोवीस तास जागा अडवून बसलेल्यांचा हिशोब आधी मांडावा: विजेच्या डीपीचे खोके, माननीय नगरसेवकांच्या निधीतून बसवलेली आणि त्यांचे नाव ठळक मिरवणारी बाकडी, दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या, उखडलेले पेव्हर ब्लॉक, दुचाक्यांना अटकाव म्हणून रोवलेले आणि व्हीलचेअरलाच अडवणारे खांब, आणि ठिकठिकाणी दोन चाके पदपथावर व दोन रस्त्यावर अशा ऐटीत उभ्या असलेल्या मोटारी. दुसऱ्या परिच्छेदात २०१४ च्या पथविक्रेता कायद्याविषयी होते. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, त्यांना विक्रीचे प्रमाणपत्र मिळावे, तोवर कोणाला हुसकावू नये, हलवायचेच झाले तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी, जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागितल्याच्या दिवशीच परत करावा, नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा खुद्द विक्रेत्यांना असाव्यात, त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रियांना असाव्यात, हे सारे त्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे. तेव्हा माझी मागणी इतकीच होती की विक्रेत्यांना कायद्याने ठरेल ती जागा आखून द्यावी आणि चालणाऱ्यांना त्यांची.

छापून आला तो फक्त वरचा भाग. वर ठळक मथळा: ‘पथारीवाल्यांना आवर घाला’. खाली माझे नाव आणि ‘कोथरूड, पुणे’.

फोन केला तेव्हा तिकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले की जागेअभावी पत्र संक्षिप्त करावे लागले. तिच्यावर रागावता येईना. मी खुलाशाचे दुसरे पत्र पाठवले आहे. ते आजही आलेले नाही आणि येईलसे वाटत नाही. हे म्हणाले, “आता खुलाशातले निम्मे छापले, तर त्याचा खुलासा करावा लागेल.” ह्यांचा विनोद नेहमी जेवताना सुचतो.

मला सारखे एकच वाटते आहे. कोणी माझ्या तोंडी खोटे घातलेले नाही. छापलेले प्रत्येक वाक्य माझे होते, स्वल्पविरामासकट माझे होते. तरीही त्या साडेतीन इंचांत जी बाई दिसते ती मी नव्हे, आणि नेमकी तीच सगळ्यांना आवडली आहे. बुधवारी सकाळी दुधाच्या केंद्रावर तळमजल्यावरचे काका म्हणाले, “वहिनी, शेवटी एकदा कोणीतरी बोलले!” योगाच्या वर्गात बायकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्याशी माझे कचऱ्याच्या वर्गीकरणापासून पाण्याच्या मीटरपर्यंत एकाही बाबतीत जुळलेले नाही, त्या दुसऱ्या इमारतीतल्या बाईंनी रस्ता ओलांडून येऊन माझा हात हातात घेतला. विरोध करणाऱ्याला उत्तर देता येते, उलट विचारता येते, निदान भांडता तरी येते. पाठीवर थाप मारणाऱ्याला काय उत्तर द्यावे? “आपण म्हणता ते माझे म्हणणे नाही,” असे मी काकांना सांगू लागले, तर ते हसून म्हणाले, “असू द्या हो, आता घाबरू नका.”

घाबरू नका! नोकरीत होते तेव्हा माझ्या टिपणीतला ‘तथापि’ साहेबांनासुद्धा कापता येत नसे. आयुष्यभर दोन्ही बाजू तोलून लिहायची शिस्त बाळगली, आणि उतारवयात माझ्या नावावर काय लागले, तर एक मथळा. काल संध्याकाळभर मी याच विचारात होते आणि स्वतःची यथेच्छ कीव करून घेतली, हे इथे लिहायला हरकत नाही. ताईला फोन केला तर ती म्हणाली, “एवढे काय मनाला लावून घेतेस? पत्र कोण लक्षात ठेवतो?” हे ऐकून बरे वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटले. ते एक असो.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे मी परवापासून गेले नव्हते. अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा त्या काय करतात, ते मी गॅलरीतून अनेकदा पाहिले आहे. चौकातला फळवाला आधी शीळ घालतो. मावशी उठतही नाहीत. बसल्या जागेवरून ताडपत्रीची चार टोके ओढतात, मेथी, गवार, टोमॅटो सगळे एकमेकांवर कोसळून एक मोठे गाठोडे होते, काटा रखवालदाराच्या खोलीमागे जातो, झाकणाला भोके पाडलेली पाण्याची बाटली मात्र तिथेच कलंडते, आणि गाडी वळणावर दिसेपर्यंत पदपथ १.८ मीटर रिकामा झालेला असतो. गाडी गेल्यावर गाठोडे सोडतात, दबलेले टोमॅटो वेगळे काढतात आणि ते स्वस्तात घ्यायला आमच्याच इमारतीतली माणसे उतरतात. त्या पदपथावर १.८ मीटर कसे मिळतात, हे पाहायचे असेल तर ते एवढेच क्षण. त्या वेळी आत्या खाली असत्या तर त्यांना सरळ चालता आले असते, हाही विचार माझ्या मनात येऊन गेलेला आहे. तो येऊ नये असे मी म्हणणार नाही.

आज गेले. मावशींचा मुलगा बसला होता. त्याने मटार पिशवीत ओतता ओतता विचारले, “आजी, पेपरात तुमीच ना?” मी हो म्हटले. त्याने सुटे पैसे परत दिले. पुढे काही बोलावे असे फार वाटले, पण “खाली तुमच्या बाजूचेही लिहिले होते, ते कापले,” हे वाक्य त्याच्यासमोर कसे उच्चारायचे तेच समजेना. त्याच्या खोक्यावर क्यूआर कोड चिकटवलेला होता. २०२० पासून याच लोकांना स्वनिधी योजनेतून भांडवलासाठी कर्ज मिळते, सुरुवात दहा हजारांपासून झाली. म्हणजे सरकारचा एक हात धंदा वाढवायला पैसे देतो आणि दुसरा काटा उचलून नेतो. हे मी पत्रात घालणार होते, लांबेल म्हणून घातले नाही. घातले असते तरी गेलेच असते म्हणा.

संध्याकाळी अध्यक्ष अर्ज घेऊन आले. क्षेत्रीय कार्यालयाला द्यायचा आहे: ‘सोसायटीच्या फाटकापासून चौकापर्यंतचे सर्व अनधिकृत विक्रेते तातडीने हटविण्यात यावेत.’ खाली ‘सहपत्र: वर्तमानपत्रातील कात्रण’. माझ्या पत्राची झेरॉक्स टाचलेली. “पहिली सही तुमचीच,” म्हणाले. अध्यक्ष मावशींकडून रोज कोथिंबीर घेतात, आणि स्कूटरवरून न उतरता, इंजिन चालू ठेवून, पदपथावर चढवलेल्या चाकापाशी वाकून घेतात, हे त्यांना आठवले नसावे. मी आठवण करून दिली नाही. एवढेच म्हटले की सही करते, पण डीपीचे खोके, मोटारी, बाकडी हेही त्यात घाला, आणि आपल्या फाटकासमोर गाड्यांसाठी पदपथ फोडून जो उतार केला आहे तोही घाला, कारण आत्यांचा वॉकर पहिल्यांदा तिथेच अडतो.

“तो विषय वेगळा आहे,” ते म्हणाले. “आणि एवढे सगळे एका पानात बसणार नाही.”

त्या क्षणी मला हसू आले, आणि मला वाटते माझी कीव तिथेच संपली. वर्तमानपत्रातही हेच झाले होते. पानावर जागा कमी पडली तेव्हा शेजारची जाहिरात जागची हलली नाही, मथळा हलला नाही; माझे शेवटचे दोन परिच्छेद उचलून नेले. ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांना उठवणे सर्वांत सोपे असते, मग तो परिच्छेद असो की मावशी. मी संपादकांवर रुसून बसले होते, ते आता जमेना. त्यांनी अगदी आपल्या शहराच्या रीतीने जागा केली होती. ज्या पुण्यात बाबा आढावांनी हमालांची आणि पथारीवाल्यांची संघटना बांधली, तिथेही आम्हाला भाजी दारात हवी असते आणि भाजीवाली नको असते. माझी पत्रे छापून येवोत न येवोत, हे असेच चालत आलेले आहे. पुढच्या वेळी जे कापले जाऊ नये असे वाटेल ते मी सुरुवातीला लिहीन आणि वॉकर शेवटी घालीन. वॉकर कोणी कापत नाही.

अर्जावर सही केली नाही. अध्यक्ष जिन्यावरून उतरताना कोणाला तरी सांगत होते की लिहितात मोठे, पण वेळ आली की माघार घेतात. म्हणजे दोन दिवसांनी का होईना, विरोधक मिळाले. जेवण जरा बरे गेले.

जेवणानंतर स्वतंत्र अर्ज लिहून काढला आहे. आमचा रस्ता विक्रीसाठी खुला आहे, मर्यादित आहे की निषिद्ध, कोणाकोणाला प्रमाणपत्र दिलेले आहे, आणि नसेल तर सर्वेक्षण केव्हा झाले, ही माहिती मागितली आहे. डीपीचे खोके कोणी व केव्हा हलवायचे हेही विचारले आहे. दीड पान झाला. हे म्हणतात, फाटकापासून चौकापर्यंत पदपथ दर दहा पावलांवर प्रत्यक्ष मोजून आकडे जोडले तर उत्तर टाळता येणार नाही. उद्या साडेसहाला, मोटारी निघण्याच्या आधी, मोजायला उतरायचे ठरले आहे. वही आत्या धरणार आहेत. घरात टेप तीनच मीटरचा सापडला, दुसरा आणू का म्हणून हे विचारत होते. मी म्हटले, आपल्या पदपथाला तो पुरून उरेल.