दादाला शॉक दिले नाहीत

गेल्या महिन्यात आईचा फोन आला तो ठाण्यातल्या एका लग्नातून. मागे सनई वाजत होती आणि आईचा आवाज बसलेला. पंगतीत कुणीतरी तिला विचारलं होतं, "मोठ्याला शॉक दिले म्हणे?" म्हणून इथे इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये बसून हे लिहिते आहे. नातेवाइकांनी वाचावं. आणि ज्यांच्या घरी असंच कुणी भिंतीकडे तोंड करून पडून आहे, त्यांनी तर नक्की वाचावं.

दादा बँकेत ऑडिटला. आकड्यांचा माणूस. त्याने अंथरूण धरलं आणि दीड वर्ष सोडलं नाही. नैराश्यावरची दोन वेगवेगळी औषधं झाली, पुरेसा डोस, पुरेसे दिवस, उतार नाही. मी इथून रोज फोन करायची, तो "हं" म्हणायचा. एवढ्या लांबून ते "हं" ऐकणं फार कठीण असतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी टीएमएस, म्हणजे डोक्यावर कॉइल धरून चुंबकाने मेंदूला चालना द्यायचा उपचार, सुचवलं तेव्हा आई रडली. आम्ही पडलो ठाणेकर. मनोरुग्णालय १९०१ पासून आमच्या शहरात, आणि "ह्याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याच धास्तीने आई शेजाऱ्यांना कितीतरी महिने सांगत होती, "त्याला कावीळ झालीय."

मी ऑफिसात विचारलं, सहा आठवडे घरून काम करायची परवानगी मिळाली, आणि नौपाड्यात येऊन राहिले. सोमवार ते शुक्रवार रोज एक सेशन, अशी तीस. राम मारुती रोडवरून आम्ही दोघं चालत जायचो. पहिले दिवस तो माझ्या मागे चार पावलं असायचा.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी आठाच्या आकाराची कॉइल त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवली. टक. काही नाही. जरा जोर वाढवला. टक. आणि मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा आपसूक उडाला. दादा त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते. अंगठा हलवायला कमीत कमी किती जोर लागतो ते बघून प्रत्येकाचा डोस ठरतो. मग कॉइल थोडी पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूच्या वर सरकवतात. नैराश्यात मेंदूचा हा भाग मंदावलेला असतो असं मानतात, त्याला रोज थोडं थोडं जागं करायचं.

कॉइलमधून विजेचा प्रवाह क्षणभर सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि आतल्या पेशींमध्ये बारीकसा प्रवाह निर्माण करतं. फॅरडेचा १८३१चा शोध, शाळेत शिकलोय आपण. भूल नाही, फिट आणायची नाही. माणूस जागा असतो, कानात बोळे घालून खुर्चीत बसतो आणि उठून घरी जातो. शॉक म्हणतात ती ईसीटी वेगळी, तिच्यात वीज देऊन फिट आणतात. तीही भूल देऊनच करतात, २०१७च्या कायद्याने भुलीशिवाय द्यायला बंदी आहे, आणि गंभीर आजारात ती जीव वाचवते. तिलाही नावं ठेवू नका.

दादाला पहिला आठवडाभर डोकं दुखलं, टाळूवर कुणी टिचक्या मारतंय असं वाटायचं. फिट येण्याचा धोका अगदी कमी, पण असतो. म्हणून पूर्वी कधी आकडी आली असेल तर आधी सांगायचं. डोक्यात धातूचं काही असेल किंवा कानाचं कॉक्लियर इम्प्लांट असेल तर बहुतेक वेळा हा उपचार करत नाहीत. आणि सगळ्यांना गुण येतोच असं नाही. साधारण निम्म्या रुग्णांना चांगला फरक पडतो. विम्याचंही आधीच विचारून घ्या, आम्ही उशिरा विचारलं.

दोन आठवडे काहीच घडलं नाही. मी रात्री गच्चीत जाऊन रडले. सतराव्या दिवशी तलावपाळीशी आलो आणि दादा थांबला. म्हणाला, "चार सेकंद वाजतं, सव्वीस सेकंद थांबतं. पंच्याहत्तर वेळा. साडेसदतीस मिनिटं होतात, हिशोब बरोबर आहे." दीड वर्षात न विचारता बोललेलं त्याचं पहिलं वाक्य. मी मासुंदा तलावाकडे तोंड फिरवून उभी राहिले. पुढे त्यानेच विचारलं, हे यंत्र काढलं कुणी?

शोधलं तर आमचंच शेफिल्ड निघालं. १९८५ साली अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच डोक्यावर कॉइल धरून माणसाचा हात हलवून दाखवला. नैराश्यावरचे प्रयोग नंतरचे; अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली २००८ साली. बार्कर ज्या रॉयल हॅलमशायर हॉस्पिटलात काम करायचे, त्याच्यासमोरून माझी बस रोज जाते. नऊ वर्षं जातेय.

दादाची एक गोळी अजून चालू आहे, पण तो कामावर जातो. कुणाला विचारायची सोय नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

काल त्याने त्या हॉस्पिटलचा फोटो मागितला. चार वाजायच्या आत अंधार पडला होता, पाऊस होता. मी ग्लॉसॉप रोडला उतरले आणि उजळलेल्या खिडक्यांचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "मजले किती आहेत? मोजून सांग."