उतार नसेल तेव्हा

माझे वडील गाडी कधीच सपाटीला लावत नसत. जांबोटीत घरासमोरच्या चढावर त्यांची मेटॅडोर तोंड खाली करून, चाकाला दगड लावून उभी असायची. पहाटे दगड काढायचा, गाडी गडगडायला लागली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. बॅटरी असो नसो, गाडी चालू. त्याच्याही आधी पुढून हँडल मारायचे दिवस होते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांडीभोवती वळवायचा नाही, हे त्यांनी मला नऊ वर्षांचा असताना शिकवलं. इंजिनानं उलटा झटका दिला की वळवलेला अंगठा मोडतो, मनगटही जातं. कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा सेल्फ, म्हणजे विजेवर इंजिन फिरवून उठवणारी मोटर, १९१२ साली आला, आमच्या घरात मात्र हँडलची ती शिकवण माझ्यापर्यंत पोचली.

मी गेली सतरा वर्षं बेळगावहून गोव्याला भाजी नेतो. रात्री माल भरायचा, पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत साखळी, मग म्हापसा. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये कणकुंबीच्या अलीकडे पाऊस असा आला की काचेपलीकडे बोनेटसुद्धा दिसेना. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. वायपर, पार्किंग लाइट, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर चालू ठेवले, नाहीतर मागून कुणी येऊन आदळलं असतं. पाऊण तासानं पाऊस जरा कमी झाला, सेल्फ मारला. टक्. परत मारला. टक् टक् टक् टक्. डॅशबोर्डचे दिवे दर वेळी मिणमिणायचे आणि परत यायचे. जागा सपाट, कडेला चिखल, पाठीमागे दीड टन माल, माणसं दोन: मी आणि क्लीनर. ढकलून गाडी वीतभरसुद्धा हलली नाही. मोबाइलला रेंज नव्हती.

तासाभरानं एक ट्रक थांबला. चालक गोकाककडचा. बॉनेट उघडून बॅटरीवर टॉर्च मारला आणि म्हणाला, "ब्याटरी हाळागेत्री." म्हणजे बॅटरी गेली. एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी गाडी उठवायची केबल त्याच्याकडे होती. ट्रक २४ व्होल्टचा, माझी गाडी १२ ची. थेट जोडलं असतं तर माझं सगळं वायरिंग आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जळून गेला असता. त्याला ते ठाऊक होतं. ट्रकचं इंजिन बंद ठेवून त्यानं दोन बॅटऱ्यांपैकी जिची काळी वायर चासीला जाते तेवढ्या एकीवरच चिमटे लावले. असा जाणता माणूस भेटला हे माझं नशीब. पण केबल बारीक होती. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, आत तारा मोजक्याच, बाकी सगळं प्लास्टिक. तिसऱ्यांदा सेल्फ मारला तेव्हा केबल हातात धरवेना आणि चिमट्याजवळचं प्लास्टिक मऊ पडलं. त्याला पुढं जायचं होतं, तो गेला.

पहाटे जांबोटीचीच एक पिकअप आली, तिच्या जाड केबलवर माझी गाडी एका दमात उठली. तोवर म्हापशाचा बाजार उठून गेला होता. ढबू मिरची आणि दोडका निभावला. कोथिंबिरीच्या ४०० पेंड्या ताडपत्रीखाली वाफेनं काळ्या पडल्या होत्या. ज्या शेतकऱ्यानं त्या माझ्या भरवशावर भरल्या होत्या, त्याला तोंड दाखवायला मला चार दिवस लागले. पैसे मी दिले, पण त्याचा पोटच्या पोरासारखा जपलेला माल माझ्या गाडीत कुजला होता.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा आजकाल मिळते तसली, बॅटरी बसलेली गाडी उठवणारी लिथियमची जंपस्टार्टर पेटी घेतली. खिशात मावणारी, काम झकास करणारी. पण तिला आठवणीनं चार्ज करावं लागतं आणि उन्हात तापलेल्या केबिनमध्ये ती ठेवू नये असं तिच्यावरच लिहिलेलं असतं. मी ती उन्हाळाभर डॅशबोर्डच्या कप्प्यातच ठेवली. मे महिन्यात काढून बघितली तर पोट फुगलेलं.

भाचा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात विजेचे पॅनल बनवायच्या कामाला आहे. त्याला हे सांगितलं तर त्यानं आधी मीटर आणून माझ्या जुन्या बॅटरीला लावला. १२.१ व्होल्ट. मी म्हटलं, "हे तर ठीकच आहे की." तो म्हणाला, "मामा, आता सेल्फ मारा." मी चावी फिरवली आणि आकडा धाडकन सातवर आला. चांगली बॅटरी सेल्फच्या वेळी साडेनऊच्या खाली जाता कामा नये. माझ्या बॅटरीत वीज होती. पण आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट चढलेला, त्यामुळे एकदम दोन-अडीचशे अँपिअर द्यायची तिची ताकद गेली होती.

मला ते आमच्या वरच्या शेतातल्या झऱ्यासारखं वाटलं. एप्रिलमध्ये तिथं करंगळीएवढी धार असते. त्या धारेखाली गुरं धुता येत नाहीत, पण घागर लावून ठेवली की ती भरते आणि भरलेली घागर एकदम ओतता येते.

ती घागर म्हणजे सुपरकपॅसिटर. यात बॅटरीसारखी रासायनिक क्रिया नसते, कार्बनच्या भुग्याच्या पृष्ठभागावर वीज नुसती चिकटून राहते. म्हणून ती झटक्यात देता येते आणि लाखो वेळा भरली-सांडली तरी फारशी झिजत नाही. याचं पहिलं पेटंट १९५७ चं, जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकरचं. भाच्यानं असल्या ५०० फॅरडच्या (फॅरड हे घागर केवढी ते सांगणारं माप) सहा नळ्या एकापुढे एक जोडून माझ्यासाठी एक पेटी केली. एक नळी २.७ व्होल्ट सोसते, सहा मिळून १६.२. सहाही नळ्यांवर सारखा ताण राहावा म्हणून त्यांच्यावर बॅलन्सिंगची पट्टी लागते, ती नसेल तर एखादी नळी जास्त भरून फुटते. हे न करता नुसत्या नळ्या जोडून कुणी देत असेल तर घेऊ नका.

पहिल्यांदा भरताना त्यानं मध्ये हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावला. रिकाम्या कपॅसिटरला थेट बॅटरी जोडली तर वायर वितळेल एवढा प्रवाह जातो. बल्ब आधी लख्ख पेटला, मग पिवळा, मग तांबूस, मग नुसती तार तेवढी लाल दिसत राहिली आणि शेवटी तीही विझली. बल्ब विझला म्हणजे पेटी भरली. आमची आई पडवीत बसून ते बघत होती, ती म्हणाली, "दिव्यातलं तेल आत गेलं बघ."

सगळ्यात जास्त नवल मला हिशोबाचं वाटलं. माझ्या ७५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९०० वॉट-तास मावतात. या पेटीत अडीचसुद्धा नाहीत. पण इंजिन उठवायला सेल्फ दोन सेकंद फिरला तर खर्च एका वॉट-तासाच्या आसपासच होतो. म्हणजे मरायला टेकलेल्या बॅटरीतसुद्धा इंजिन कितीतरी वेळा उठवण्याएवढी वीज पडून असते, फक्त ती हळूहळू गोळा करावी लागते. पेटीतलं छोटं सर्किट बॅटरीतून पाच अँपिअरच्या आसपास ओढतं आणि पाच-सहा मिनिटांत पेटी चौदा व्होल्टला नेतं. म्हणून ती घरून भरून आणायची गरज नाही. बॅटरी अगदीच कोरडी ठणठणीत असेल तर मात्र पेटी भरणार कुठून? तेव्हा दुसऱ्या गाडीच्या सॉकेटवरून भरायची.

गेल्या डिसेंबरात रात्री दोन वाजता शेजारच्या वहिनी दार ठोठावत आल्या. सासूबाईंना श्वास लागला होता आणि त्यांची ओमनी उठत नव्हती. मीटर १०.८ दाखवत होता. लाल चिमटा बॅटरीला, काळा इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. काळा बॅटरीपासून लांबच लावायचा, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीला तेवढं पुरतं. सहा मिनिटं आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत उभे होतो. म्हातारी आत मागच्या सीटवर सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून, प्रत्येक श्वास ऐकू येत होता. १२.६. १३.३. १४. चावी फिरवली आणि ओमनी दुसऱ्या फेऱ्याला उठली. खानापूरला वेळेत पोचले. म्हातारी आता पडवीत बसून तांदूळ निवडते.

त्यानंतर गावातल्या तिघांनी भाच्याकडून पेट्या करून घेतल्या. मी प्रत्येकाला बजावतो की पेटी मिळाली म्हणून जुनी बॅटरी ओढत बसू नका, बदला.

माझी पेटी सीटखाली असते. तरी कणकुंबीत थांबायची वेळ आली की मी अजून थोडं पुढं जाऊन गाडी उताराच्या तोंडाला लावतो आणि खाली उतरून चाकाला दगड लावतो.